सहा पटाश्या आणि दोन नंबरचा बिल्ला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, कारखान्याच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षे स्टोअरकीपर म्हणून काम केलेली, आता घरामागच्या वर्कशॉपची राखण करणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी तिसऱ्या फळीवरच्या डाव्या डब्यात कोणत्या मापाचे स्क्रू आहेत ते मला विचारावे आणि नंतर डबा उघडून पाहावा. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्याचा प्रयत्न एकाने केला, त्याचा उल्लेख पहिल्याच कलमात येईल. यापूर्वी लिहिलेली दोन मृत्युपत्रे मी फाडली आहेत, कोणाकडे त्यांची नक्कल निघाली तर ती खोटी समजावी.

कलम १. राहते घर, म्हणजे खालच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि माडी, माझ्या मुलाला. तो एकुलता एक आहे म्हणून. दुसरे कारण बरेच शोधले, सापडले नाही. मागचे वर्कशॉप या कलमात येत नाही. त्याला वेगळे दार आहे आणि वेगळे कुलूप आहे. मुलाने गेल्या वर्षभरात दोनदा ते कुलूप उघडायला लावले आणि आत आपली गाडी मावते का याचे माप घेतले. मापाची टेपही माझीच, सोळा नंबरची, बिल्ला न लावता उचललेली. "आई, या भंगाराला आता कोण विचारतंय?" असे तो म्हणाला. भंगार कशाला म्हणतात ते मला त्याने शिकवू नये. कारखान्यात भंगाराचे रजिस्टर वेगळे असायचे आणि तेही मीच लिहीत होते. गाडी त्याने रस्त्यावरच उभी करावी.

कलम २. सूनबाईला माझे शिवणयंत्र आणि स्वयंपाकघरातली सगळी भांडी. शिवणयंत्र ती वापरणार नाही हे मला ठाऊक आहे. एकदा तिने सहा इंची स्क्रूड्रायव्हरने डब्याचे झाकण उचकटले, तेव्हा मी महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते. त्या महिन्यात घर फार छान चालले, असे ती आपल्या बहिणीला फोनवर सांगत होती. मी ऐकले आहे. बँकेतली ठेव या दोघांच्या हाती न देता सरळ नातीच्या नावावर करावी.

कलम ३. माझी ॲल्युमिनियमची शिडी, क्रमांक नव्वद, शेजारच्या नळदुरुस्तीवाल्यांच्या अंगणात आठ वर्षे उभी आहे. "उद्या आणून देतो" हे त्यांचे वाक्य माझ्या रजिस्टरात चौदा वेळा लिहिलेले आहे. शिडी त्यांना देत नाही. माझ्या पश्चात माझ्या माणसांनी ती भर दुपारी, गल्लीतल्या लोकांदेखत, त्यांच्या अंगणातून उचलून आणावी. ते चहाला बोलावतील. चहा घेऊ नये.

कलम ४. आता वर्कशॉप. त्याची वाटणी सांगण्याआधी तिथली पद्धत सांगावी लागेल, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. माझे यजमान सुतार. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर, तेही सुतार. भावजी तेव्हा बायको आणि मुलीसह आमच्याच माडीवर राहत आणि दोघे भाऊ मिळून मागे दारे, खिडक्या, कपाटे करीत. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे करवत शोधायला अर्धी सकाळ जायची. मी कारखान्यातली पद्धत घरी आणली. प्रत्येक हत्याराला नंबर, भिंतीवरच्या फळीवर प्रत्येकाचा खिळा आणि खिळ्यामागे त्या हत्याराची रंगवलेली आकृती. प्रत्येक माणसाला पितळेचा बिल्ला. यजमानांचा एक नंबर, भावजींचा दोन, माझा तीन. हत्यार न्यायचे तर रिकाम्या खिळ्यावर आपला बिल्ला अडकवायचा. हत्यार परत आले की मी धार, मूठ, दांडा बघणार आणि मगच बिल्ला काढून देणार. बिल्ला काढायचा हक्क फक्त माझा. हा नियम मी केला आणि मोडू दिला नाही. दोघे भाऊ आधी हसले, मग कुरकुरले, मग मुकाट्याने बिल्ले लावू लागले. मला वाटले, शिस्त लागली.

कलम ५. फळीवर सव्वीस नंबरला लाकूड कोरायच्या सहा पटाश्यांचा संच होता. माझ्या सासऱ्यांचा, लाकडी मुठींचा, पाव इंचापासून दीड इंचापर्यंतच्या पात्यांचा. सासरे गेल्यावर दोघा भावांनी त्याची वाटणी केली नाही, दोघांनी वापरायचा असे ठरले. एकोणीस वर्षांपूर्वी एका शनिवारी मी कामावरून आले तेव्हा सव्वीस नंबरचा खिळा रिकामा होता आणि त्यावर दोन नंबरचा बिल्ला होता. यजमान बाहेर फाटकाला निळा रंग देऊन ब्रश धूत बसले होते. मी भावजींना विचारले, "भावजी, पटाश्या कुठायत?"

"दादाकडे दिल्या की दुपारीच. तुम्ही कामावर होता."

मी यजमानांकडे पाहिले. ते ब्रश धूत राहिले आणि म्हणाले, "मला नाही आठवत."

"दादा, सांग ना वहिनीला," भावजी म्हणाले.

यजमानांनी मान वर केली नाही. मी म्हणाले, बिल्ला खिळ्यावर आहे म्हणजे पटाश्या तुमच्याकडे आहेत, त्यात आठवायचे काय? भावजींनी एकदा भावाकडे पाहिले. मग "बरं" एवढेच म्हणाले. बापाची एकुलती एक चांगली वस्तू त्यांनी कुठेतरी विकली, असे माझ्या मनाने घेतले आणि मनात आलेले मी कधी मनात ठेवलेले नाही. चोराच्या हातात मी यापुढे एक खिळाही देणार नाही, असे मी त्यांच्या बायकोमुलीसमोर म्हणाले. महिना संपायच्या आत त्यांनी माडी रिकामी केली. जाताना फक्त कपडे आणि स्वतः विकत घेतलेली एक करवत नेली. करवतीची नोंद माझ्याकडे नव्हती, म्हणून मी तिची पावती मागितली. त्यांनी ती दाखवली.

तेव्हापासून ते दोन गल्ल्या सोडून राहतात आणि दुसऱ्याच्या दुकानात काम करतात. चार वर्षांपूर्वी यजमान वारले, तेव्हा ते आले, पण फाटकाच्या आत आले नाहीत. रस्त्याच्या पलीकडे उभे होते. मी पाहिले आणि बोलावले नाही. दोन नंबरचा बिल्ला मी एकोणीस वर्षे त्याच खिळ्यावर ठेवला. आल्यागेल्याला त्याचे कारण सांगत असे.

कलम ६. हे मृत्युपत्र लिहायचे म्हणून मी गेल्या महिन्यात वर्कशॉपची मोजदाद केली. धार लावायच्या दगडाची लाकडी पेटी ओट्याला ठोकलेली आहे, म्हणून तिला मी कधी हलवले नव्हते. या वेळी खिळे काढले. पेटीच्या तळाखाली आणखी एक फळी निघाली आणि फळीखाली यजमानांच्या जुन्या सदऱ्याच्या तेलकट तुकड्यात सहा पटाश्या. इंचाच्या पटाशीची धार मधोमध तुटलेली होती आणि पात्यावर निळा रंग वाळलेला होता, आमच्या फाटकाचा. वर एक नंबरचा बिल्ला ठेवलेला होता.

मी रजिस्टर काढले. त्या शनिवारनंतर पाचव्या दिवशी माझ्याच अक्षरात नोंद आहे: "बिल्ला क्र. १ हरवला. नवीन दिला. ताकीद." एकोणीस वर्षे ही ओळ माझ्याजवळ होती आणि मी ती वाचली नाही, कारण मी फक्त भावजींचे पान उघडत होते.

म्हणजे भावजींनी पटाश्या भावाच्या हातात दिल्या होत्या. यजमानांनी त्यातल्या एकीने रंगाच्या डब्याचे झाकण उचकटले, धार तुटली, आणि आता मी येऊन बघणार म्हणून त्यांनी संच लपवला. दुरुस्त करून ठेवू असे मनात म्हणाले असतील, तुटलेल्या भागाच्या कडा थोड्या घासलेल्याही आहेत. नंतर फार उशीर झाला असेल. तरी नियम मोडला नाही, हत्यार आपल्याकडे आहे म्हणून आपला बिल्ला त्याच्याशेजारी ठेवला.

यजमान हयात नाहीत, त्यामुळे त्यांना काही देता येत नाही. द्यायचे होते ते खूप होते. पंधरा वर्षे माझ्यासमोर बसून जेवले आणि मूग गिळून गप्प राहिले. सख्खा भाऊ चोर ठरलेला त्यांना चालला, पण मला तुटलेली धार दाखवणे जमले नाही. हे मी रागाने लिहिते आहे. आणि त्यांना माझी एवढी भीती वाटत होती, हेही मीच लिहिते आहे, कारण दुसरे कोणी लिहिणार नाही.

कलम ७. वर्कशॉपची जागा, ओटा, फळी, क्रमांक एक ते दोनशे चौदा सर्व हत्यारे, स्क्रू, बिजागऱ्या, सरस, लाकूड, सगळे माझ्या दिरांना. त्यांच्या पश्चात त्यांच्या मुलीला. मुलाने आणि सूनबाईने यात आडवे येऊ नये. रजिस्टर पुढे चालू ठेवण्याची अट मी आधी घातली होती, ती खोडली आहे. त्यांना हत्यारे जमिनीवर टाकायची असतील तर टाकावीत.

कलम ८. हे कलम आठवड्याने लिहीत आहे. कलम सातपर्यंत झाल्यावर मी कागद वकीलबाईंना दाखवला. त्यांनी वाचला आणि चष्मा काढला.

"आजी, हे सगळं तुमच्या मागे उघडणार. तुमचे दीर तुमच्यापेक्षा मोठे ना? ते आधी गेले तर?"

ज्याला सगळ्यांसमोर चोर म्हटले, त्याला तो चोर नव्हता हे मी मेल्यावर कागदावर कळवणार होते. तेही तोपर्यंत तो जगला तर. अशी नोंद कारखान्यात कोणी केली असती तर मी त्याला कामावरून घालवले असते.

गुरुवारी सकाळी मी पटाश्या एक नंबरच्या बिल्ल्यासह कागदात बांधल्या, दोन नंबरचा बिल्ला खिळ्यावरून काढला आणि दोन गल्ल्या चालत गेले. दार पुतणीने उघडले. ती बाजूला झाली. भावजी टेबलाशी बसले होते. त्यांना आता दम लागतो. मी पुडके समोर ठेवले. त्यांनी सोडले, इंचाची पटाशी उचलली, तुटलेल्या धारेवर अंगठा फिरवला, मग एक नंबरचा बिल्ला पाहिला.

"दादाचा," ते म्हणाले.

"पेटीखाली होता."

"दादानं लपवल्यात हे मला त्याच दिवशी कळलं होतं. त्याच्या बाहीला रंगाबरोबर पटाश्यांचं तेलही होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. 'दादाकडे दिल्या' म्हटलं. तुमच्या रजिस्टरपुढं माझं कोण ऐकणार होतं?"

मी चुकले, असे मी म्हणाले. आयुष्यात फार वेळा म्हटलेले नाही, त्यामुळे नीट जमले नसेल. त्यांनी एकेक पटाशी उचलून टेबलावर ओळीने मांडली, मोठ्याने मोजली आणि कानावरची पेन्सिल काढली.

"सहा. मिळाल्या. सही कुठं करू?"

मी रजिस्टर नेले नव्हते. सही नको, असे मी म्हणाले.

"नको कसं? उद्या पुन्हा विचाराल."

पेन्सिल त्यांनी तशीच धरून ठेवली होती. मग ती मी घेतली आणि पुडक्याच्या कागदावर लिहिले: "पटाश्या सहा. दिरांनी एकोणीस वर्षांपूर्वीच परत केल्या होत्या." खाली पूर्ण सही केली. त्यांनी ते दोनदा वाचले, मुलीला वाचायला दिले, मग घडी घालून खिशात ठेवले. मला बसा म्हणाले नाहीत. दोन नंबरचा बिल्ला मी पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

वर्कशॉपचे मी त्यांना सांगितलेले नाही. सांगितले असते तर तिथेच नाही म्हणाले असते, आणि मेलेल्या माणसाला नाही म्हणणे जरा अवघड जाते. बिल्ला वर्कशॉपच्या किल्लीला बांधून ठेवला आहे. किल्ली त्यांच्या हातात द्यावी आणि सही मागू नये.

हे सर्व मी वाचून, समजून, खाली दिलेल्या दोघांच्या समोर सही करून पुरे केले आहे.

सही: स्टोअरकीपर, निवृत्त, बिल्ला क्रमांक ३

साक्षीदार १: गल्लीतल्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई. लिहिणारी शुद्धीत आहे, मी तपासले आहे. स्क्रूंचा डबाही उघडून पाहिला.

साक्षीदार २: कोपऱ्यावरचे वह्या-पेनांचे दुकानदार. रजिस्टरे माझ्याच दुकानातली.

ठिकाण: वर्कशॉप, सव्वीस नंबरच्या खिळ्यासमोर

दिनांक: ११ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी साडेदहा