सुरय्याचा नवरा गेला

६ जानेवारी, सोमवार
नवी वही. ही फक्त माझ्यासाठी, त्यामुळे नम्रपणाची गरज नाही.
संस्थेचं हेड ऑफिस ओस्लोत. वादळ, पूर, भूकंप, जिथे म्हणून माणसं उघड्यावर पडतात तिथे आम्ही. रत्नागिरीच्या ऑफिसात मी फंडरेझिंग आणि कम्युनिकेशन्सचा हेड. हाताखाली अक्षया, आणि गाडी चालवायला गंगाराम.
ओस्लोच्या इनग्रिडबाईंचा आज मेल. गेल्या वर्षीच्या वादळानंतरच्या कामासाठी मोठी मोहीम करायची आहे. एक चेहरा, एक गोष्ट. आशिया हेडची जागा रिकामी आहे असंही शेवटी सहज लिहिलंय. इनग्रिडबाई सहज काही लिहीत नाहीत.
संकल्प: एप्रिलमध्ये ओस्लो. सावनीला (माझी पत्नी, कॉलेजात भूगोल शिकवते) अजून सांगितलं नाही. ती आधी थंडीचे कपडे काढेल आणि मग मला हसेल.

९ जानेवारी, गुरुवार
चेहरा मिळाला! राजिवड्याची सुरय्या. वय चौतीस, डोळे खोल. वादळात घरची होडी फुटली. आता अकरा बायकांना घेऊन मासळी वाळवते, आम्हीच दिलेल्या रॅकवर.
अडचण एकच. बाई रडत नाही. तासभर रॅकबद्दल बोलली. उंची कमी आहे, मांजरं चढतात, वगैरे. मी हळूच विषय घरच्यांकडे नेला. म्हणाली, "नवरा गेला..." आणि नेमका ओस्लोचा फोन. रेंज अंगणात, म्हणून बाहेर गेलो. परत आलो तर पुन्हा मांजरं. जखम दुसऱ्यांदा उघडायची नाही असं ठरवलं. संवेदनशीलता ही शिकून येत नाही.
सगळं रेकॉर्ड करायला अक्षयाचा मोबाईल आत ठेवला होता; ती बाहेर रॅकचे फोटो काढत होती.

१५ जानेवारी, बुधवार
मजकूर लिहून झाला. पहिली ओळ: "समुद्राने सुरय्याची होडी नेली. आणि होडीतला तिचा अयूबही." स्वतःच्या लिखाणाने स्वतःच्या डोळ्यात पाणी येणं दुर्मीळ. नाव गंगारामने सांगितलं. मी विचारलं, सुरय्याच्या नवऱ्याचं नाव काय रे? म्हणाला, अयूब. माहिती दोन ठिकाणांहून पक्की केली, याला म्हणतात क्रॉस-चेक.
अक्षया म्हणाली, सर, रेकॉर्डिंग एकदा पूर्ण ऐकायचं का? पन्नास मिनिटं! मांजरांसकट! मग म्हणाली, निदान सुरय्यादीदींना वाचून दाखवू. मी समजावलं की संमतीपत्रावर तिची सही आहे. ती म्हणाली, सही फोटोसाठी आहे, रॅकबरोबरच्या. या पिढीला विश्वास ही गोष्टच माहीत नाही.

२७ जानेवारी, सोमवार
मोहीम सुरू. सहा देशांत. शिवाय गावातही लोकांना कळावं म्हणून एसटी स्टँडजवळ बॅनर लावला. मराठीत, वीस फुटी.
इनग्रिडबाईंनी एकच शब्द लिहिला: "वॉव." मी तो तीनदा वाचला. देणग्या धो धो येतायत.
सावनीने मजकूर वाचला. विचारलं, त्या बाईने वाचलाय का हा? नवऱ्याचं यश बघून बायका असं का विचारतात, कळत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी अकराला कुवेतहून फोन. फार शांत आवाज.
"साहेब, मी अयूब बोलतोय."
मी विचारलं, कोण अयूब?
"तोच, बुडालेला."
कुणीतरी थट्टा करतंय असं वाटलं. तो म्हणाला, मी इथे टगबोटीवर कामाला आहे, दोन वर्षं झाली. काल माझ्या सुपरवायझरने, तुझ्या गावची बिचारी विधवा म्हणून, मोबाईलवर माझीच बायको दाखवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी म्हणालो, तुम्ही सुखरूप आहात हे ऐकून आनंद झाला. तो म्हणाला, "आई भाट्याला राहते. तिला कुणीतरी बॅनरचा फोटो पाठवला. ती पडली."
फोन त्याने ठेवला. मी नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार
बातम्या गंगारामकडून. मालगुंडहून नातेवाईक दोन रिक्षा भरून सुरय्याकडे आले आणि दारातच रडायला लागले. ती मासळी उलटत होती. तिने विचारलं, कोण गेलं? अयूबची आई हॉस्पिटलात. डोक्याला टाके, रक्तदाब उतरत नाही.
मी गंगारामला विचारलं, तुला माहीत होतं तो जिवंत आहे?
"होय तर. शाळेत एका बाकावर होतो आमी."
मग सांगितलं का नाहीस?
"तुम्ही नाव विचारलंत, साहेब. जिवंत हाय का ते कुठं विचारलंत?"
आठ वर्षं माझ्या गाडीचं स्टीअरिंग याच्या हातात आहे. असा दगा.
आणि सुरय्या? मराठीत "नवरा गेला" याचा अर्थ काय होतो हे तिला कळायला नको? बाई स्वतःच्या तोंडाने म्हणाली. माझ्या कानांनी ऐकलं. फसवणूक झाली असेल तर माझी झाली आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
बॅनर उतरवला. म्हणजे कुणीतरी आधीच उतरवून घडी करून ऑफिसच्या पायरीवर ठेवला होता. घडी अगदी नीट.
संकटात संधी शोधतो तो लीडर. दुसरा टप्पा सुचला: "अयूब परत आला!" विमानतळावर सुरय्या, हातात फुलं, स्लो मोशन. इनग्रिडबाईंना प्रस्ताव पाठवला. अक्षयाला म्हटलं, व्हिडिओवाला बघ. तिने हेडफोन लावले आणि टाईप करत राहिली.

१२ फेब्रुवारी, बुधवार
प्रस्तावाला उत्तर नाही. नक्की चर्चा चालू असणार.
सावनी आठवडाभर कॉलेजातून उशिरा येते. आज कळलं, ती रोज हॉस्पिटलात जाते, अयूबच्या आईकडे. पेज करून नेते. मला शब्दानेही बोलली नाही. मी म्हणालो, निदान माझ्या वतीने जातेस असं तरी सांगितलंस का? म्हणाली, "नाही. तुझं नाव काढलं असतं तर त्यांनी पेज घेतली नसती."
घरातसुद्धा. घरातसुद्धा!

१८ फेब्रुवारी, मंगळवार
ओस्लोशी व्हिडिओ मीटिंग. नवा शर्ट घातला. आशिया हेडबद्दलच असणार असं वाटलं होतं.
इनग्रिडबाईंनी रेकॉर्डिंग लावलं. अक्षयाने पाठवलेलं. इंग्रजी भाषांतरासकट, मिनिटामिनिटाप्रमाणे. सुरय्याचा आवाज: "नवरा गेला कुवेतला, दोन वर्सं झाली. तुमचा फोन वाजतोय, घ्या तुमी, मी थांबते." मग दार. मग लांबून, अंगणातून, माझा आवाज. इंग्रजीत: येस, येस, व्हेरी ट्रॅजिक, हजबंड इज डेड.
मी थांबते, असं म्हणाली होती ती. खरंच थांबली होती. पुढे चार मिनिटं नुसता कावळ्यांचा आवाज आहे.
मोहीम मागे. सहा देशांतल्या देणगीदारांना माफीचं पत्र, ज्याला पैसे परत हवेत त्याला परत. कम्युनिकेशन्स आजपासून अक्षयाकडे. मला "सध्या विश्रांती".
अक्षयाला मी घडवलं. ईमेलमध्ये स्वल्पविराम कुठे द्यायचा हे मी शिकवलं. तिने तो माझ्याच गळ्यावर दिला. तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, सर, मी तुम्हाला तीनदा सांगितलं. मी म्हणालो, चौथ्यांदा सांगायचंस.

२४ फेब्रुवारी, सोमवार
विश्रांती चालू. गंगाराम सांगत आला की बायकांनी रॅक परत पाठवले. सगळे. टेम्पोत घालून, धुऊन. मासळी आता पुन्हा वाळूत वाळते.
केवढा हा कृतघ्नपणा! रॅकचा काय दोष?
हे वाक्य मी सावनीला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "तेच त्या म्हणतायत. दोष रॅकचा नाही."

५ मार्च, बुधवार
माफीच्या पत्रावर सुरय्याची संमती हवी, असा ओस्लोचा आग्रह. अक्षयाबरोबर राजिवड्याला गेलो. मसुदा माझा, दोन पानी. त्यात "संवादातील दरी" हा शब्दप्रयोग तीनदा होता.
दार अयूबने उघडलं. आईसाठी रजा काढून आलाय. उंच, सडपातळ, माझ्याहून तरुण. मी नकळत पायांकडे बघितलं. सरळ होते. आत त्याची आई खाटेवर, कपाळाला पट्टी. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं.
सुरय्या म्हणाली, आमचे रोजे हायत, तुमाला चहा ठेवू? नाही म्हटलं तर अपमान वाटेल म्हणून हो म्हणालो. मग दिवसभराच्या उपाशी तीन माणसांसमोर एकटा चहा प्यायलो. घोट घेताना आवाज होतो माझा, हे आजवर माहीत नव्हतं. अक्षयाने घेतला नाही.
मसुदा वाचून दाखवला. सुरय्याने पूर्ण ऐकून घेतलं. संपल्यावर म्हणाली, लांब झालं. मी सांगते, तुमी लिहा.
लिहिलं. "अयूब जिवंत आहे. सुरय्याने हे सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."
तिसऱ्या वाक्याऐवजी "ऐकण्यात आलं नाही" सुचवलं. ती म्हणाली, "कुणाच्या ऐकण्यात?" मी सही केली. अक्षयाने सुरय्याला विचारलं, रॅक परत आणू का? ती अक्षयाला म्हणाली, आणा, पण उंची वाढवून, आणि तुमी या.
निघताना अयूब रिक्षापर्यंत आला. म्हणाला, "साहेब, मेल्यावर आपल्याकडे कोण कोण येतं ते कळलं. मालगुंडची मावशी पंधरा वर्षं बोलत नव्हती, ती पण आली." हसला. मीही हसलो. मग तो हसायचा थांबला आणि म्हणाला, आई अजून रात्री जाग आली की मला फोन करते, शेजारच्या खोलीत.
घरी सावनी पेपर तपासत होती. वर न बघता विचारलं, माफी मागितलीस?
हो म्हणालो.
म्हणजे, तोंडाने? तिच्याकडे बघून?
हो, म्हणालो.
तिने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, बरं केलंस, आणि माझ्यासाठी ताट वाढायला उठली.
ही वही दुसरं कुणी वाचत नाही, म्हणून लिहून ठेवतो. नव्हती मागितली. सही करून उठलो होतो.