‘द्राल’चा अर्थ

उघेली, ३ ऑगस्ट १९९७

ती. मुदियागामामांस,
एदिरिनचा मिग्वो. गुडघे इथूनच टेकले आहेत, मावशीच्या ओल्या ओसरीवर, तेव्हा ‘ऊठ’ म्हणायला फार वेळ लावू नका.

मी सुखरूप पोचले. मावशी रोज बांगाचा तेलकट रस्सा आणि उसीचे चिकट गोळे आग्रह करकरून वाढते. जेवण झालं की डोळे आपोआप मिटतात, मग शब्द पाठ व्हायचे कसे?

निवड चाचणी २३ तारखेला आहे. राज्याच्या स्क्रॅबल संघात जागा सहा आणि आम्ही चाळीस जण. बाबांनी पुन्हा बजावलं की संघात आलीस तर क्रीडा मंडळाच्या शिफारशीवर शिक्षक-महाविद्यालयात जा, नाहीतर सप्टेंबरपासून मावशीच्या शिवणयंत्रावर बस. मावशी प्रेमळ आहे, पण कापड बघितलं की मला जांभई येते.

इथले प्रशिक्षक म्हणतात, अर्थ शिकणं म्हणजे वेळेची नासाडी, पटावर अर्थाला गुण नसतात. काल त्यांनी दोन ‘ए’ शेजारी-शेजारी येणारे इंग्रजी शब्द म्हणायला लावले. मी तुमच्या शब्दांच्या वहीतले घडाघडा म्हटले, पण जवळजवळ प्रत्येकाबरोबर अर्थही तोंडातून निघाला आणि सगळे हसले. मामा, खरं सांगा, अर्थ सोडून देऊ का? तसेही ‘हाफ’ आणि ‘आल’ यांचे नीट आठवत नाहीत.

हे पत्र सापेलेच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देते आहे. त्याची दाढी फुकट करावी लागेल, असं मी परस्पर कबूल केलं आहे. रागावू नका, लोभ असू द्या.
तुमची भाची,
एदिरिन


सापेले, ५ ऑगस्ट १९९७

चि. एदिरिन हिस,
अनेक आशीर्वाद. व्रेन्दो, ऊठ पोरी, ओल्या ओसरीवर सर्दी होईल.

ड्रायव्हरने दाढी तर केलीच, वर केसही कापून घेतले. माझ्या दुकानाची परस्पर खिरापत वाटणारी तू पहिलीच.

तुझ्या प्रशिक्षकांना म्हणावं, अर्थाशिवाय शब्द म्हणजे नावगाव न विचारता घरात घेतलेला पाहुणा. सकाळी भांडी मोजायची वेळ येते. तीस वर्षं मी एकच नियम पाळला आहे. ज्याचा अर्थ वहीत माझ्या हाताने लिहिलेला नाही, तो शब्द पटावर ठेवायचा नाही. म्हणून तर सापेलेत माझ्या शब्दावर कोणी हात वर करत नाही.

‘हाफ’ म्हणजे थंड देशातले कोळी जिथवर जातात तो लांबचा, खोल समुद्र. ‘आल’ हे हिंदुस्थानातलं झुडूप, त्याच्या मुळांतून लाल रंग निघतो. ‘क्राल’ म्हणजे पार दक्षिणेकडच्या लोकांचा गुरांचा गोठा आणि ‘ब्राय’ म्हणजे त्यांच्याकडे उघड्यावर निखाऱ्यांवर मांस भाजतात ते. गुरं गोठ्यात शिरली, त्यातलं एक निखाऱ्यावर गेलं, झाले दोन शब्द पाठ.

इकडे सगळं ठीक. काल एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झालेली असताना मी दुसऱ्यालाच खुर्चीवर बोलावलं. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. वय झालं, दुसरं काय.

आणि एक, चाचणीला मीही नाव दिलं आहे. अठरा वर्षं संघात आहे, सवय सुटत नाही. आपली गाठ पडलीच तर पटावर मी तुझा मामा नाही. शब्द खोटा वाटला तर सरळ हात वर करून पंचाला बोलाव. हे लिहून देतो आहे, नंतर तक्रार नको.

मावशीला नमस्कार सांग. मायेत कमी करू नकोस.
मुदियागामामा


उघेली, २४ ऑगस्ट १९९७

ती. मामांस,
मिग्वो.

काल गर्दीत नीट बोलता आलं नाही. सहाव्या जागेसाठी शेवटचा डाव नेमका आपल्या दोघांतच यावा, हे दैवच. तुम्ही जिंकलात, मनापासून अभिनंदन. एकोणिसाव्यांदा संघात, साऱ्या सापेलेत मिरवणूक निघाली असेल.

मी बरी आहे. मावशीने मला काजं करायला शिकवलं. तब्येतीला जपा.
एदिरिन


सापेले, २७ ऑगस्ट १९९७

चि. एदिरिन हिस,
आशीर्वाद.

मिरवणूक निघाली होती. ती संपल्यावर सवयीने त्या दिवसाचे शब्द वहीत तपासायला बसलो. शेवटच्या डावात मी ‘द्राल’ मांडला होता, त्याचा अर्थ आठवेना. वही पहिल्या पानापासून पालथी घातली, मग कोश काढला. त्यात नाही. असा शब्दच नाही. आणि मला तर तो माझ्याच अक्षरात डोळ्यांपुढे दिसत होता, ‘गुरांना पाणी पाजायचं कुंड’ असा.

ती वही तू माझ्यापेक्षा जास्त वाचली आहेस. मी शब्द मांडला तेव्हा तू वर बघितलंस, ते आत्ता आठवतं. मग मान खाली घालून तू तुझी अक्षरं लावत बसलीस. त्या शब्दाचे मला एकवीस गुण मिळाले आणि तू अकरांनी हरलीस. हात वर केला असतास तर पंचाने कोश उघडला असता, माझे गुण गेले असते आणि डाव तुझा होता. मी लिहून दिलं होतं ना? मामाचा मान ठेवायला मी तुला सांगितलं नव्हतं. मला तुझा फार राग आला आहे.

काल संघटनेचे सचिव ओबासुयी यांच्याकडे जाऊन सगळं सांगितलं आणि नाव मागे घेतलं. ते म्हणाले, सही झालेला निकाल बदलत नाही, पण सातवी म्हणून जागा तुझ्याकडे येते. मात्र त्यांनी विचारलं, की मामापुढे जिचा हात उठला नाही, तिचा लागोसच्या मुरलेल्या म्हाताऱ्यांपुढे उठेल का? त्याचं उत्तर तूच द्यायचं आहेस. त्यांना शनिवारपर्यंत कळवायचं आहे.

ओमेना, शिवणयंत्रावर बसू नकोस. उत्तर लगेच धाड.
मुदियागा


उघेली, २८ ऑगस्ट १९९७

ती. मामांस,
मिग्वो.

तुमचं पत्र वाचून रडले, मग मावशीलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, मामाचा मान ठेवलास, त्यात चुकलं काय? सगळे हेच म्हणतील, पण ते खरं नाही.

‘द्राल’ खोटा आहे हे मला लगेच कळलं. तुम्ही मला फसवताय असं क्षणभर वाटलं, म्हणून वर बघितलं. तुमचा चेहरा अगदी शांत होता. मग मी घाबरले. पंचाने कोश मिटून ‘नाही’ म्हटलं असतं, तर तुम्ही विसरायला लागला आहात हे सगळ्यांसमोर ठरलं असतं. मी गप्प बसले तर ते ठरणार नाही, असं मला वाटलं. महाविद्यालयही त्यापुढे मला मोठं वाटलं नाही.

पण गप्प बसून काही टळलं नाही. ओबासुयींना सांगा, जागा मी घेते. आणि लागोसवाल्यांपुढे हात उठेल का, याचं उत्तर इथेच देते.

मामा, तुमच्या पत्रात शेवटी तुम्ही मला ओमेना म्हटलं आहे. ओमेना माझी आई, तुमची धाकटी बहीण. तिला जाऊन सहा वर्षं झाली. मी हात वर करते आहे. सोमवारी सकाळच्या गाडीने येते, आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ. दुकान बंद ठेवा.

तुमचा राग उतरेपर्यंत लोभ मी सांभाळून ठेवते.
तुमची,
एदिरिन