मापाचे बूट

बाबा, काल आईच्या कपाटावरची जुनी सूटकेस खाली काढली आणि त्यात तुम्ही शिवलेले माझे धावायचे बूट सापडले. आई आता माझ्याकडे बेसिंगस्टोकला राहायला येणार, म्हणून लेस्टरचं घर आवरायला घेतलंय. "टाकून दे ते, आता कोण घालणार?" ती म्हणाली. मी म्हटलं, "हात लावशील तर बघ!" तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी शिवणीला मेणाचा बारीक वास आहे अजून. कालपासून मनातल्या मनात तुमच्याशी बोलणं चाललंय, तर म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

तुमचं बाकी कशात काही म्हणणं नसायचं. टीव्ही बघा, चिप्स खा, काय वाटेल ते करा. पण उंबऱ्याबाहेर अनवाणी पाऊल पडलं की संपलंच. मागच्या अंगणात दोरीवरचा टॉवेल आणायला मी तशीच धावले, तर आतून आरोळी यायची, "आदी पायताण घाल!" त्यामागचं कारण मला आईनं सांगितलं होतं. कोल्हापूरकडच्या तुमच्या गावात सगळ्यांच्या पायातल्या चपला तुमच्या घरात शिवल्या जायच्या, आणि घरातली पोरं फुफाट्यात पाय पोळत शाळेला जायची. सातवीपर्यंत तुमच्या पायात काही नव्हतं. लेस्टरला बुटांच्या कारखान्यात नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही म्हणे आईला म्हणालात, "आता माझ्या घरातलं कुणी अनवाणी दिसायचं न्हाई." एवढंच बोललात आणि जेवायला बसलात.

तरी बाबा, एक सांगते, तुमचा कारभार अजबच होता. कारखान्यात पायाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर चामडं ताणून गोऱ्या साहेबांच्या पायाला चपखल बूट बसवणार, आणि स्वतःच्या पोरीला आणणार दीड साइज मोठे! "वाढतं अंग हाय, पुढल्या वर्साला बरोबर हुईल." पुढल्या वर्षी ते फाटायचे आणि पुन्हा दीड साइज मोठे यायचे. टोकाला कापूस कोंबून फटक फटक आवाज करत मी अख्खी शाळा काढली.

तेरा वर्षांची असताना आंतरशालेय शर्यतीसाठी माझी निवड झाली. आठशे मीटर, गवतावरच्या दोन फेऱ्या. शाळेच्या टीममध्ये आपल्यातली मी एकटीच. मला दुकानातले पट्ट्यापट्ट्यांचे ट्रेनर्स, म्हणजे खेळाचे बूट, हवे होते, रडून झालं, रुसून झालं. तुम्ही म्हणालात, "मी करतो." किचनच्या फरशीवर पेपर पसरलात, माझा पाय त्यावर ठेवलात आणि कानावरची पेन्सिल काढून पायाभोवती फिरवलीत. मला गुदगुल्या होऊन मी हलले तर पाठीत एक हलका धपाटा. मग तीन आठवडे रोजच्या लंच ब्रेकमध्ये, फोरमनची परवानगी काढून, तुम्ही ते बूट शिवलेत. बदामी रंगाचं मऊ चामडं, हातानं घातलेली शिवण, हातात घेतले तर वजनच लागेना. आई म्हणाली, "अहो, एखाद्या नवरीसाठीसुद्धा कुणी इतकं करत नाही."

शर्यतीच्या दिवशी तुम्ही हाफ डे काढलात. आयुष्यात पहिल्यांदा. मी चेंजिंग रूममधून बाहेर आले, दूर दोरीपलीकडे तुमची ती काळी छत्री दिसली, आणि सुरुवातीच्या रेषेजवळच्या बाकावर बसून मी बूट काढले. मोजे काढले. दोन्ही बाकाखाली सारले. खेळ शिकवणाऱ्या पीईच्या बाई धावत आल्या. "आर यू शुअर, मी डक?" इकडे सगळेच सगळ्यांना लाडानं 'मी डक', माझं बदक, म्हणतात, पण त्या दिवशी मला ते फार मायेचं वाटलं. मी म्हटलं, "येस, मिस."

आई गं, ते पहिलं पाऊल! सकाळी पाऊस होऊन गेलेला, गवत गार, आणि खालची माती थेट तळव्याला लागतेय. इतकी वर्षं कापूस कोंबलेल्या बुटांत कोंडलेली दहाही बोटं सुटली. पहिल्या फेरीला मी पाचवी. मला दम लागलाय, पण पाय म्हणतायत, आणखी दे. दुसऱ्या फेरीत वळणावर गवत निसरडं झालं होतं, बुटातल्या मुली जपून पाय टाकत होत्या, आणि माझी बोटं मातीत रुतून मला पुढे ढकलत होती. चौथी, तिसरी, दुसरी. पुढे फक्त निळ्या व्हेस्टमधली उंच मुलगी राहिली. तिनं वळून माझ्या पायांकडे पाहिलं, आणि तिथेच मी तिला गाठलं! फीत माझ्या छातीला लागली तेव्हा मी मराठीत ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. बाबा, मी पहिली आले! चिखलानं घोट्यापर्यंत माखलेली, अनवाणी, आणि पहिली!

सगळे टाळ्या वाजवत होते. तुम्ही सोडून. तुम्ही माझ्या पायांकडे बघत उभे होतात आणि तुमचा चेहरा पार उतरला होता.

"बूट कुठं हाईत?"

"मोठे होत होते, बाबा. टाच निघत होती."

तुम्ही बाकाखाली वाकून बूट काढलेत, रुमालानं पुसलेत, काखेत धरलेत. बसमध्ये मेडल माझ्या मांडीवर आणि बूट तुमच्या, आणि दोघंही खिडकीबाहेर बघतोय. घरी आईनं मात्र तुम्हाला सोडलं नाही. "घ्या! तुमची ती वाढत्या मापाची सवय! निदान या एका वेळेला तरी बरोबर करायचे होते!" तुम्ही गरम पाण्याचं घमेलं आणलंत, माझे पाय धुतलेत, रुतलेला खडा सुईनं काढलात, हळद भरलीत. मग एक बूट घेतलात, माझ्या पायात चढवलात आणि पुढचं टोक अंगठ्यानं दाबून पाहिलंत. बराच वेळ. मी छताकडे बघत होते. शेवटी बूट काढलात आणि तळव्यावरून बोट फिरवत म्हणालात, "पाय चांगला हाय. तळवा कच्चा हाय. रविवारी लौकर ऊठ."

रविवारी पार्कात तुम्ही बाकावर बसून स्वतःच्याच बुटाचे बंद सोडायला लागलात. मोजे नीट घडी करून बुटात ठेवलेत. तुमचे पाय मी घराबाहेर पहिल्यांदाच उघडे पाहत होते. "टाच आपटू नगं. बोटांच्या मागल्या गादीवर पड. असं बघ." आणि पँट दुमडून तुम्ही दवातून असे पळालात बाबा, की कुत्रा फिरवणारा एक म्हातारा थांबून बघत राहिला. "लॉस्ट युवर शूज, मेट?" तुम्ही धापा टाकत म्हणालात, "नो सर. शूज आर रेस्टिंग." तो हसला, तुम्ही हसलात, आणि मी तर गवतावर लोळायचीच बाकी राहिले.

पुढच्या वर्षी नॉटिंगहॅमला मी अनवाणी धावले ती तुमच्या शिकवणीनं. तेव्हा दोरीपलीकडून तुमचाच आवाज सगळ्यांत मोठा होता. "पळ गं माजे वाघिणी! पळ!" तीही शर्यत जिंकले. मग घरी कुणी पाहुणं आलं की तुम्ही कपाटावरून बूट काढायचात आणि सांगायचात, "चूक माजी. माप मोठं घेतलं. म्हणून तर पोरगी अनवाणी पळाली आणि चँपियन झाली!" लोक हसायचे, मीही हसायचे. नव्वदच्या दशकात कारखाना बंद पडला, तुमचे हात रिकामे झाले, तरी ही गोष्ट सांगताना तुमची मान ताठ असायची.

आता जे तेव्हा सांगितलं नाही ते सांगते. त्या पहिल्या शर्यतीच्या दिवशी बाकावर शेजारच्या मुलीनं विचारलं होतं, "कुठल्या मेकचे?" तिच्या बुटांवर पट्टे होते, माझ्यांवर काहीच नव्हतं. माझ्या बाबांनी केलेत, एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. लाज वाटली मला. त्यापेक्षा अनवाणी बरी, म्हणून काढले. माप घेताना आई म्हणाली होती, "थोडी जागा सोडा." तुम्ही म्हणाला होतात, "न्हाई. पळायच्या पायताणाला ढील चालत न्हाई." ते मी ऐकलं होतं.

आणि फर्म्यावर जन्म काढलेल्या माणसाला त्या संध्याकाळी बुटाचं टोक दाबताना अंगठ्याखाली काय लागलं, ते मला आज कळतंय. तरी चूक स्वतःवर घेऊन तुम्ही मला गावभर मिरवलंत.

हे पत्र कुठे पाठवणार? घडी घालून बुटातच ठेवतेय. ठेवण्याआधी आज घालून पाहिले, दोन बाळंतपणांनंतर आता घट्ट होतात. तेव्हा बरोबर होते, बाबा. अगदी मापात होते.