शनिवारचा पाठ

सर, हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहायचं धाडस करतोय. तुम्ही वारल्यानंतर आपल्या शाळेत मुख्याध्यापक बरेच आले, पण शनिवारचा पाठ पुन्हा कोणी घेतला नाही. सकाळची शाळा सुटली की तुम्ही आम्हा चौथीच्या मुलांना थांबवून घ्यायचात आणि आमच्यामागे सतरंजीवर सगळे शिक्षक बसायचे. पाळीपाळीनं एकेकानं सर्वांसमोर शिकवायचं, आणि पहिली पाळी तुमची. एकदा तुम्ही भागाकार शिकवताय आणि मागून आमच्या वर्गाच्या बाई म्हणतात, "सर, पोरांना कळालं न्हाय." आम्ही घाबरून एकमेकांकडे बघतो. तुम्ही फळा पुसता, खडू बाईंच्या हातात देता आणि आमच्या शेजारी मांडी घालून बसता. "शिकवा बाई. मलाही बघू द्या." माझी शाळा नववीत सुटली, पण त्या दिवशीचा भागाकार अजून येतो.

आता माझी मुलगी त्याच बाईंच्या वर्गात तिसरीला आहे. तिला एक ओळ सलग वाचता येत नाही. परवा गेलो तेव्हा बाई मोबाईलवरून शाळेतल्या खिचडीचे फोटो वरच्या ऑफिसला पाठवत होत्या. मी चाचरत मुलीच्या वाचनाचं विचारलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्या वेळच्या बाई शोधतोस व्हय रे? मी तीच हाय. पण चांगलं शिकवलं काय अन् न्हाय शिकवलं काय, वर्गात डोकावणारं कुणी उरलं न्हाय."

मग शनिवारचा पाठ पुन्हा सुरू करा, असं सांगायला मी आताच्या मुख्याध्यापकांकडे गेलो. माणूस वाईट नाही, दिवसभर माहिती भरत बसतो. त्यांनी मला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि शनिवारच्या पाठाचा वरून आदेश नाही, शिवाय शिक्षकांसमोर शिकवून स्वतःचं हसं कोण करून घेईल, असं म्हणाले.

गावातली मुलं एकेक करून ढोकीच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसायला लागलीत. आणखी थोडी गेली की पट कमी पडून बाईंची जागाच जाईल. मुलीला ठेवावं तर तिचं वाचन जातं, काढावं तर बाई जातात.

आज मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला. बाईंनीच तो लिहायला घेतला आणि कारण विचारलं. गाडी दारात येते, सोयीचं पडतं, असं मी सांगितलं. त्यांनी मान वर न करता तेच लिहिलं.

मला वाटलं होतं, त्या अडवतील.