बिनदांडीची सायकल

आबा, तुमची सायकल चालती झाली. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं तुमी निवांत ऐकाल. एक गोष्ट सांगायला बसली की ही पोरगी पाच गोष्टी सांगती, असं म्हणून तुमी मदीच उठून जायचे. आता उठून जायला तुमी न्हाईत, अन् मलाबी कसली घाई न्हाई. लेक-सून पुण्याला, नात तिथंच कॉलेजला, अन् घरधन्याला जाऊन आठ वर्सं झाली. सकाळी दोन भाकरी थापल्या की दिवसभराचा सैपाक उरकतो. मग एवढा मोठा दिवस उरतो आबा, त्याचं काय करावं माणसानं? टीव्ही लावते, पण त्यातल्या बाया लई भांडतात. परवा नातीची अर्धी कोरी वही सापडली. चौथीपर्यंतचं लिहिणं हाय मपलं, काना-मात्रा इकडंतिकडं होईल, तेवढं समजून घ्या.

सायकल आठवते का, असं तुमाला विचारणं म्हणजे येडेपणाच. तरी मी मपलं सांगते. घाटनांदूरच्या बाजाराचा दिवस हाय. माय अंगणात घोंगड्या झटकायली, तुमी त्यांची चळत कॅरियरला सुताडाच्या दोरीनं आवळायले. मग एक जुन्या घोंगडीचा तुकडा घेऊन तुमी दांडीला गुंडाळता, वरून दोरी बांधता, दोनदा हातानं दाबून बघता, अन् म्हणता, "चल, बस." मी दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसते. लोकरीचा वास मागूनबी येतो अन् खालूनबी. सपाट रस्ता असला की तुमी ताठ. चढ आला की तुमी वाकायचे, अन् तुमची हनुवटी मपल्या डोक्याला टेकायची. तुमचा दम मपल्या केसांतून जायचा. दाढीचे खुंट टोचायचे, मी डोकं हलवायची, तर तुमी म्हणायचे, "हलू नको, दोघंबी पडू." त्यानंतर बैलगाडीत बसले, एसटीत बसले, लेकाच्या मोटारीतबी बसले. पण एवढं जवळ धरून मला कुठंच कुणी नेलं न्हाई.

एकदा मी चालवायला बघितलं होतं. दहाएक वर्साची असंन. तुमी देवळाच्या पारावर बसलते, अन् मी सायकल गुपचूप काढून दांडीखालून पाय घालून कैची मारायली. चार हात गेले असंन नसंन, तुमी येऊन हँडल धरलं. मारलं न्हाई. सगळ्या माणसांसमोर म्हणले, "तुपली जागा दांडीवर. चालवाया मी हाय ना?" माणसं हसली. मी घरी जाऊन रडले. पण आबा, त्यात मला बरंबी वाटलं होतं. चालवायला तुमी हाईत म्हणल्यावर आपण कावून पाय दुखवायचे? पुन्हा कधी हात लावला न्हाई मी तिला.

मग एकदम तो अंबाजोगाईचा दवाखाना आठवतो. मदली सगळी वर्सं कुठं गेली कुणास ठाऊक. तुमी खाटेवर, पाय लुळे पडलेले, अन् भाऊ चहा आणायला खाली गेलता. तुमी म्हणले, "पायाचं काई न्हाई, ते गेले तर गेले. ती सायकल तेवढी चालती करा कुणीतरी." मी म्हणलं, मी करते आबा. तुमी मान हलवली. तिसऱ्या दिवशी तुमी गेले. अन् मी ती केली न्हाई. एकतीस वर्सं केली न्हाई. कधी पोरांच्या परीक्षा, कधी सासूबाईंचं दुखणं, कधी कापसाची वेचणी, अन् खरं म्हणजे माहेरची वस्तू मागायची म्हणून लाज. दर दसऱ्याला हत्यारं पुजायला मांडली की तुमची आठवण यायची. तुमी लोकर कातरायच्या कातरीच्याबी आधी सायकल मांडायचे, धुऊन, पुसून, झेंडूची माळ घालून. ह्या उन्हाळ्यात एक दिवस दुपारी भांडी घासता घासता मला वाटलं, आता मीच सत्तरीला टेकले, मी गेल्यावर हे कोण करणार? हात तसेच धुतले अन् माहेरची एसटी धरली.

सायकल गोठ्यात होती. म्हणजे सांगाडा होता. पुढचं चाक न्हाई, मागलं गंजलेलं, सीट न्हाई, चाक धरायचा चिमटा वाकलेला, अन् दांडीवर कोंबड्या झोपायच्या, त्यांचं सगळं तिच्यावर. भाऊ म्हणला, "आक्का, आता ही भंगारवालाबी नेत न्हाई, तू कावून नेतीस?" मी म्हणलं, "आबाला द्यायचीय." त्यानं दांडीवरची एक कोंबडी हुसकली. मग म्हणला, "आबाला सांग, कोंबड्यांनी लई वर्सं सांभाळली." असा हाय तुमचा लेक. पण टेम्पो त्यानंच बघून दिला, अन् सांगाड्याखाली पोतंबी त्यानंच अंथरलं.

घाटनांदूरला एकच मिस्त्री राहिलाय जुन्या सायकलींचा. बाकी सगळे मोटारसायकलीवाले. हा मपल्याच वयाचा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मला अम्मा म्हणतो. सांगाडा बघून त्यानं आधी बोटानं टिचकी मारली, कान लावला, अन् म्हणला, "लोखंड असली हाय अम्मा. आता असं लोखंड येत न्हाई. पर येळ लागंल." मी म्हणलं, दसऱ्यापर्यंत झाली पायजे, मपल्या वडलांसाठी करायचीय. त्यानं विचारलं, वडील कुठं असतात? मी वर बोट केलं. त्यानं मान हलवली अन् सांगाडा दुकानात ओढून घेतला.

आबा, मग मपले लई चांगले दिवस आले. खोटं कशाला सांगू. दर बाजाराला मी त्याच्या दुकानापुढं पत्र्याच्या डब्यावर जाऊन बसायची. कुणी विचारलं कुठं निघाल्या, तर सांगायला ठिकाण झालं मला. त्यानं चिमटा तापवून सरळ केला. चाकं अंबाजोगाईच्या एका भंगारवाल्याकडून आणली, एकेक तार आवळून त्यांचा आउट, म्हणजे डुगडुग, काढला. चाकात घालायचे नवे छर्रे वाटीत ओतले तेव्हा असा आवाज झाला जसे ज्वारीचे दाणे ताटात पडावे. मीबी बसून न्हाई राहिले. मडगार्डाचा गंज डिझेलच्या चिंधीनं काढला, घंटी चिंचेनं घासली. पहिल्यांदा ती वाजली तर समोरचा फळवाला दचकला, मिस्त्री म्हणला, "अम्मा, तुमची घंटी पोलीसगाडीवर लावा." आमी दोघंबी एवढे हसलो की त्याला खोकला लागला. घरी हसायला दुसरं माणूस लागतं, आबा. एकट्यानं हसलं की आपलाच आवाज परत येतो.

रंग तेवढा राहिला होता, तर पुण्याहून लेकाचा फोन आला, सुनेचं ऑपरेशन हाय, ये म्हणून. तीन आठवडे तिकडं राहिले. परत आले त्याच बाजाराला दुकान गाठलं. सायकल बाहेर उभी. काळीभोर, सोनेरी रेघा, कॅरियर चकचकीत. मपल्या डोळ्याला पाणीच आलं. अन् मग बघितलं तर दांडी न्हाई. सीटपासून हँडलापर्यंत मोकळं. दांडी कापून, तिच्या जागी एक नळी वाकवून पार खाली जोडलेली, बायकांच्या सायकलीला असती तशी.

"मिस्त्री, दांडी कुठाय?"

"काढली की अम्मा!" लई खुशीत होता तो. "तुमी लुगडं नेसता, टांग कशी टाकणार? तुमी न्हाईत तवर म्हणलं करून ठेवावं. ते मपल्याकडून."

"मी कवा म्हणलं मी चालवणार? वडलांची हाय म्हणलं ना मी!"

"वडील तर गेले की अम्मा." त्यानं चष्मा काढला. "मी लई इचार केला. एवढं मन लावून चालती करायची, मग चालवणार कोण? इतके बाजार झाले, तुमच्याबिगर कोण आलं हिच्याजवळ?"

राग आला म्हणावा तर त्याचं चुकलं काय होतं? अन् चुकलं न्हाई म्हणावं तर मपली जागाच कापली होती त्यानं. त्याच्याबी ते ध्यानात आलं असंल. कोपऱ्यातनं त्यानं कापलेली दांडी आणून दाखवली, फडक्यात गुंडाळून ठेवलेली. म्हणला, "फेकली न्हाई. म्हणाल तवा परत जोडतो. दोन दिस द्या फकस्त." मी म्हणलं, दसरा झाल्यावर आणते. अन् सायकल हातात धरून गावाकडं चालत निघाले, तीन मैल. एसटीवाला कशाला घेतोय.

वाटेत लोकांनी सोडलं न्हाई. एक जण म्हणला, "आजी, शाळेत नाव घातलं का?" मी म्हणलं, "तुपल्याच वर्गात." पण आबा, हँडल धरून चालताना एक झालं. सायकल बाजूनं चालती, तिच्या चाकाचा टिकटिक आवाज येतो, चढाला ती जड होती, उताराला पुढं ओढती. किती दिवसांनी कुणीतरी मपल्या बरोबर चालत होतं. शेवटच्या उताराला, रस्त्यावर कुणी न्हाई बघून, मी लुगडं आवरलं अन् एक पाय त्या मोकळ्या जागेतून पलीकडं टाकला. टाकता आला. नुसती बसले. ती चालाया लागली. मी ओरडले, कुणाला ओरडले काय माहीत, अन् बाभळीच्या बुडाला जाऊन पडले. गुडघा फुटला, दोन बांगड्या गेल्या. तिथंच मातीत बसून हसत राहिले.

नातीला फोनवर सांगितलं तर किंचाळली. "आजी, व्हिडिओ पाठव ना!" मी म्हणलं, "बाई, मपला व्हिडिओ काढायला इथं कोण हाय? तू हाईस, अन् तू ह्या फोनच्या डब्यात." मग ती म्हणली, दिवाळीत येते. येईल बहुतेक.

आता मला येती, आबा. लई न्हाई, गिरणीपर्यंत अन् शाळेच्या मैदानात दोन फेऱ्या. वळताना उतरावं लागतं. दसऱ्याला तुमच्या फोटोपुढं उभी केली, माळ घातली, हळदकुंकू लावलं. तुमची हाय, तुमाला दिली, असं म्हणायचं मनात धरलं होतं. हात जोडले, पण ते म्हणलं न्हाई. शेवटी माळ काढली अन् तिच्यावर बसून सोनं द्यायला गावात गेले. आपट्याची पानं पुढच्या पिशवीत. एकोणीस घरं फिरले. मागच्या दसऱ्याला दोनच घरी गेलते.

मिस्त्री दर बाजाराला विचारतो, "अम्मा, दांडी कवा जोडायची?" मी म्हणते, पुढच्या बाजाराला आणते. अन् पुढच्या बाजाराला सायकल घरी ठेवून एसटीनं जाते. तुमच्यासाठीच केलती हो ती, शपथेवर सांगते. पण तुमाला द्यायची म्हणजे दांडी परत जोडायची, अन् दांडी जोडली की मला पुन्हा तुमची वाट बघत बसावं लागंल. ते आता होत न्हाई मपल्याच्यानं. हे तोंडावर सांगायची हिंमत न्हाई, म्हणून वहीत लिहिलं, अन् हे पान मी तुमच्या फोटोपुढं ठेवणार न्हाई. सायकल मी ठेवून घेतली, आबा.