न सुटलेली टाच

प्रिय नुपूर,

इचिकावाहून नागोयाला हाताने लिहिलेलं पत्र धाडणारा बाप आजकाल मी एकटाच असेन. हळू वाच. एखादा शब्द अडला तर आईला विचारू नकोस, मला विचार. उत्तर जपानीत दिलंस तरी चालेल.

गुडघा कसा आहे? आता जिना चढतेस, हे आईकडून कळलं. आणि कॉलेजचा स्की क्लब सोडलास, पुन्हा बर्फावर पाय ठेवणार नाहीस, हेही तिच्याकडूनच. "मला काही जमत नाही, मीच बावळट," असं तू तिला म्हणालीस. ते मनातून जाईना, म्हणून महिनाभर दर शनिवारी लायब्ररीत जाऊन बसतोय. तू पडलीस तेव्हा पाय स्कीच्या फळीतून का सुटला नाही, हे मला समजून घ्यायचं होतं. एकदा खोड लागली की माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. वाळत घालायचे कपडे मशीनमध्येच राहतात आणि मी बोलणी खातो.

तर ऐक. नॉर्वेत टेलेमार्क भागात सोंद्रे नॉरहाइम नावाचा एक गरीब कूळ होता. त्याच्या आधी लोक बुटाचं फक्त पुढचं टोक पट्ट्यात अडकवायचे. उडी मारली की पाय एकीकडे, फळी दुसरीकडे. यानं झाडाच्या लवचीक मुळ्या पिळून टाचेमागून वळसा दिला. फळ्याही मधोमध अरुंद केल्या, म्हणजे वळायला सोपं. आणि १८६८ साली राजधानीतली स्पर्धा जिंकला, तीही बेचाळिसाव्या वर्षी. त्या वयात मी स्टेशनचे जिने चढताना धापा टाकत होतो.

मला वाटलं, संपली गोष्ट. पण टाच पक्की झाली आणि निराळीच पंचाईत आली. माणूस पडला तरी फळी सोडेना, पाय मात्र मोडायचा. अशी सत्तरेक वर्षं गेली. मग नॉर्वेत जन्मून अमेरिकेत गेलेल्या ह्याल्मार ह्वाम या स्की-विजेत्याचा स्वतःचाच पाय मोडला. म्हणतात, हॉस्पिटलात पडल्यापडल्याच त्याला जोर पडताच आपोआप सुटणारा खटका सुचला. आजच्या खटक्यांना आकडे असतात. वजन, उंची आणि स्की किती येतं ते बघून दुकानदार स्क्रू पिळतो. नवख्याला सैल, तरबेजाला घट्ट. इथवर वाचलं आणि मी पुस्तक मिटलं.

नागानोला स्कीला गेलो तेव्हा भाड्याच्या दुकानात तू बूट घालून बघत होतीस, तेव्हा तुझा फॉर्म मी भरला. एकदा तरी जपानी फॉर्म मुलीच्या मदतीशिवाय भरायचा होता. शेजारी ऑफिसातले विश्वनाथ त्यांच्या केतकीचा भरत होते. त्यांनी 'तरबेज'वर खूण केली, मग मी कशाला मागे राहतोय? फॉर्मवर स्वतःच्या मुलीला 'नवखी' लिहिणारा बाप आपल्यात अजून जन्माला यायचाय. तू तोवर दोनदाच बर्फावर गेली होतीस. दुकानातल्या आजोबांनी तुझ्याकडे पाहून मला पुन्हा विचारलं, "जोक्यू?" म्हणजे, तरबेज ना? मी म्हटलं, "हाय," म्हणजे हो. त्यांनी स्क्रू पिळला. तू पडलीस, ते शिकताना सगळेच पडतात. पाय सुटला नाही, तो माझ्या खुणेमुळे. मला फार लाज वाटते गं. आईला अजून सांगितलेलं नाही, कारण आधी तुला सांगायला हवं होतं. माझ्यावर हवं तेवढं रागाव, महिनाभर बोलू नकोस. पण बावळट तू नव्हतीस. क्लबात परत जा, आणि या वेळी फॉर्म तूच भर.

तुझाच,
बाबा