सायकलने तर गेलो होतो!

ग्रोनिंगन, १२ जानेवारी

प्रिय शौकेताई,
स. न. वि. वि.

खांद्यावरचा तीळ कर्करोगाचा निघाला, हे तुला ठाऊक आहेच. आता बगलेतही हाताला गाठ लागते. रोग लसिकाग्रंथींत कुठवर पसरलाय ते पाहायला काल स्कॅन केलं. आधी किरणोत्सारी साखर टोचतात; रोग ती अधाशासारखी खातो आणि चित्रात उजळतो. पण माझी मान, खांदे, मांड्या, सगळंच उजळलं! डॉक्टरीणबाई वैतागल्या. यात रोग कुठला नि तुम्ही कुठले, कसं ओळखू म्हणाल्या; श्रम नकोत, थंडी नको, असं बजावलं होतं ना? मी म्हटलं, श्रम कुठले, सायकलने तर आलो! वारा समोरून होता, एवढंच. शिवाय वाटेत कालवा गोठलेला. बर्फ पेलतो का बघत माणसं उभी होती, मग मीही कोट उघडा टाकून जरा रेंगाळलो.

थंडीत ऊब देणारी चरबीसुद्धा साखर खाते म्हणे. पुढच्या मंगळवारी पुन्हा बोलावलंय. पण महिनाअखेरीस आमची बोट पोर्तुगालला निघते. परत आल्यावर बघू.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
तुझा वीब्रन

फ्लीलँड, १५ जानेवारी

चि. वीब्रन यास अनेक आशीर्वाद.

आधी हसले, मग बशी आपटली. सायकलला श्रम न मानणारा तू एकटा नाहीस. बाबा तर पायाला प्लास्टर असताना निघाले होते. पण बोटीचं नाव पुन्हा काढलंस तर याद राख. गाठ काही तुझी वाट पाहत थांबणार नाही. सोमवारी मी बेटावरून फेरीबोटीने येते. मंगळवारी तुला लोकरीत गुंडाळून टॅक्सीत कोंबणार. सायकलची किल्ली माझ्या खिशात. काय आहे ते एकदा नीट दिसू दे, मग त्याच्याशी भांडता येईल.

जेवत जा, माया आहेच.
तुझी ताई

ग्रोनिंगन, २९ जानेवारी

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

तू गेलीस आणि निकाल आला. या वेळी चित्र स्वच्छ. मेंदू तेवढा उजळलेला; तो सगळ्यांचाच उजळतो म्हणे. म्हणजे मला आहे, नोंद घे. उजव्या बगलेत दोन ग्रंथी लख्ख पेटलेल्या. फुप्फुसं, यकृत, बाकी कुठे काही नाही. आधी शिरेतून औषध, मग शस्त्रक्रिया. सोमवारी पहिली बाटली.

बोटवाल्यांना नाही म्हणून कळवलं. हॉस्पिटलची पत्रं चुकू नयेत म्हणून आज नगरपालिकेत जाऊन या खोलीचा पत्ता नावावर नोंदवला. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच. तिथल्या कारकून बाईंनी विचारलं, किती दिवस राहणार? मी म्हटलं, बरा होईपर्यंत.

तुझा लोभ आता याच पत्त्यावर येऊ दे.
वीब्रन